भावाचा वकील माझाही होतो का?

कोर्टाची पायरी : वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त शिरस्तेदाराची उत्तरं

मी वकील नव्हे, हे दर वेळी सांगतो आणि दर वेळी पाकिटावर ‘ॲडव्होकेट’ लिहून पत्रं येतात. गोव्यातल्या तीन-चार तालुक्यांच्या दिवाणी कोर्टांत मी कारकून म्हणून लागलो आणि ३१ वर्षांनी शिरस्तेदार म्हणून बाहेर पडलो. वकील न्यायाधीशांकडे बघून बोलत आणि मी वकिलांच्या हातातल्या फायलीकडे बघत बसे. माझं ज्ञान काय ते तेवढंच. या महिन्यातली थप्पी मात्र जवळजवळ एकाच विषयाची आहे : माणूस गेला, मिळकत राहिली, आता वकील कोणता करू? गणपतीची चवथ झाली की दर वर्षी हे होतं. सगळी भावंडं एका छपराखाली येतात, गणपतीवरची फळांची माटोळी उतरवून होते आणि कपाटातले कागद बाहेर निघतात.

प्रश्न : माझं माहेर सावईवेऱ्याचं. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, त्याला लागून थोडं भाट (बागायती जमीन), राजांगणाचं जुनं घर आणि फोंड्याच्या बाजारात एक गाळा एवढी मिळकत. आई ८१ वर्षांची आहे. थोरला दादा घरी असतो, धाकटा पुण्याला. मी मधली, लग्न होऊन साखळीला. यंदा चवथीला गेले तेव्हा आरती झाल्यावर दादाने एक कागद पुढे केला आणि म्हणाला, “सोमवारी सब-रजिस्ट्रारकडे यायचं. तू आणि भावोजी, दोघांनी सह्या करायच्या.” त्याचे वकील दर्शनाला आले होते. ते म्हणाले, “मी बाबांपासूनचा तुमच्या घराचा वकील. तुम्हा तिघांचाही मीच.” मी डोकं दुखतंय म्हणून उठले. तेव्हापासून दादा नीट बोलत नाही. धाकट्याने पुण्याचा एक वकील सुचवला आहे, तो म्हणतो की २००५ च्या दुरुस्तीमुळे मुलींना हक्क मिळाला आहे. मला भांडायचं नाही, पण काही न समजता सोडायचंही नाही. वेगळा वकील करावा का? तो शोधायचा कसा? पैसे किती घेईल? आणि वकील केला म्हणजे माहेर तुटलंच का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : बाय, त्या दिवशी तुमचं डोकं दुखलं हे फार चांगलं झालं. त्या घटकेला याहून बरा सल्ला कुठल्या वकिलानेही दिला नसता.

‘तुम्हा तिघांचाही मीच’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. म्हणणारा माणूस दर वेळी लबाड असतो असं मुळीच नाही. बाबांच्या वेळचे वकील, घरचं पान-सुपारी खाल्लेले, त्यांना खरंच तसं वाटत असतं. पण कोर्टाच्या टेबलावर वकालतनामा आला की मी आधी सही कोणाची आहे ते बघायचो. ज्याची सही, त्याचा वकील. बाकीच्यांशी त्याचे चहाचे संबंध. तुम्ही एकच गोष्ट विचारून घ्या : तो कागद कोणाच्या सांगण्यावरून तयार झाला आणि टायपिंगचे पैसे कोणी दिले? उत्तर ‘दादाने’ असेल तर वकील दादाचा. बार कौन्सिलच्या नियमांतही आहे की एका बाजूला ज्याने सल्ला दिला किंवा कागद करून दिले, त्याने त्याच प्रकरणात समोरच्या बाजूने उभं राहू नये. उद्या तुमचं आणि दादाचं फाटलं तर ते तुमच्याकडून उभे राहू शकणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. तेव्हा वेगळा वकील करा. त्याने दादाचा अपमान होत नाही. दादाने स्वतःसाठी तो कधीच केलेला आहे.

आता पुण्याच्या वकिलाबद्दल. ते महाराष्ट्रात चांगले असतील. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा गोव्यात चालत नाही, म्हणून त्यातली २००५ ची दुरुस्तीही चालत नाही. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली. मुक्तीनंतरही ती राहिली आणि वारसाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा व इन्व्हेंटरी कायद्यात आहे, जो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. (इन्व्हेंटरी म्हणजे गेलेल्याच्या मिळकतीची यादी करून कोर्टात होणारी वाटणी.) त्या जुन्या संहितेतही मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच होता. म्हणजे २००५ ची वाट बघायची गरज तुमच्या आजीलाही नव्हती. तिला ते कोणी सांगितलं नाही आणि सही मात्र करून घेतली, ही गोष्ट निराळी. व्हॉट्सॲपवर मुलींच्या हक्काचे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक सगळे उरलेल्या भारतासाठी आहेत. ते बघून वकिलाकडे गेलात तर पहिली अर्धी बैठक ते विसरण्यात जाईल.

तुमचा हिशेब सोपा आहे, आण्यांत सांगतो. सगळी मिळकत एक रुपया, म्हणजे सोळा आणे धरा; एका आण्याच्या बारा पै. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची मिळून असते. म्हणून आठ आणे आईचे. ते तिला वारसाने मिळालेले नाहीत, लग्न झालं त्या दिवसापासूनचे आहेत. बाबांचे उरलेले आठ आणे तीन मुलांत सारखे : प्रत्येकी दोन आणे आठ पै. बाबांनी मृत्युपत्र केलं असेल तर त्यांना आपल्या आठ आण्यांतले चारच आणे मनासारखे देता येतात. ते चारही दादाला दिले असं धरलं, तरी उरलेल्या चार आण्यांत तुमचे एक आणा चार पै राहतातच. कायद्याने सांगितलेली काही गंभीर कारणं सोडली तर मृत्युपत्राने ते कोणाला काढता येत नाहीत. तुमच्या यजमानांची सही का लागते, तेही इथेच कळतं. तुम्हाला जे मिळेल त्यात त्यांचा अर्धा आहे. ‘भावोजींची सही नुसती रीत म्हणून’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि मनात ठेवा.

पहिलं काम, त्या कागदाची प्रत मागून घ्या. मोबाइलवर फोटो आला तरी पुरे. गोव्यात सब-रजिस्ट्रारकडे या प्रसंगी दोन अगदी वेगळे कागद होतात आणि दोन्हींना लोक ‘वारसाचा कागद’ म्हणतात. एक म्हणजे डीड ऑफ सक्सेशन, जुन्या लोकांच्या तोंडी हॅबिलिटेशन. त्यात अमुक माणूस गेला आणि त्याचे वारस अमुक अमुक, एवढंच नोंदवलं जातं. त्यात तुमचं नाव नीट असेल तर तो तुमच्या फायद्याचाच. दुसरा म्हणजे हक्कसोड, रिलिन्क्विशमेंट. त्यावर सही केली आणि तो नोंदला गेला की तुमचे दोन आणे आठ पै गेले. फसवून सही घेतली म्हणून तो रद्द करायला दावा लावता येतो, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. पण शिकलेल्या बाईने सब-रजिस्ट्रारसमोर फोटो आणि अंगठा देऊन केलेला कागद ‘मला कळलं नाही’ म्हणून मोडायला निघालेल्यांची तोंडं मी पाहिली आहेत. त्या वाटेला जाऊ नका. सोमवारी ज्यावर सही करायची होती तो दुसरा कागद असणार, असा माझा कयास. चुकलो तर आनंदच आहे.

आता वकील शोधायचा कसा. इथे मला माझीच एक फजिती सांगायला हवी.

आजोबांच्या मिळकतीची इन्व्हेंटरी लागली तेव्हा माझे वडील गेलेले होते. एका बाजूला आम्ही भावंडं, दुसऱ्या बाजूला काका आणि त्यांची मुलं. मी दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात कारकून, सगळा बार ओळखीचा. मी त्यातला सर्वांत गाजलेला वकील केला. खुनाच्या खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले की बार रूम रिकामी व्हायची, सगळे ऐकायला यायचे. पण इन्व्हेंटरीत उलटतपासणीचा प्रसंग येतो कितीसा? तिथे यादी करायची असते. काय काय मिळकत आहे, सर्व्हे नंबर कोणता, कोनसेर्व्हातोरीतली, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या जमीन-नोंदणीतली, जुनी नोंद कोणती, मॅट्रिजचा, म्हणजे जुन्या कर-नोंदीचा, नंबर काय, कुठे मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) बसला आहे, कुठे कूळ लागलं आहे. हे कंटाळ्याचं काम आहे. आमच्या वकीलसाहेबांना कंटाळा लगेच यायचा.

मग आला लिसिटेशनचा दिवस. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : यादीतल्या जिनसांवर वारसच आपापसांत बोली लावतात. बाहेरच्याला तिथे जागा नाही. जो जास्त बोलेल त्याला ती जिन्नस मिळते आणि त्याच्या वाट्यापेक्षा जास्त झाली तर वरची रक्कम त्याने बाकीच्यांना भरून द्यायची. तिला ओवेल्टी म्हणतात. आमचे वकील त्या दिवशी दुसरीकडे भाषण करत होते, त्यांनी ज्युनिअर पाठवला. चार नंबरची जिन्नस काजूची बागायत. चुलतभावाने बोली वाढवली. ज्युनिअरने माझ्याकडे बघितलं, मी ज्युनिअरकडे. किती पर्यंत जायचं हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. आपल्या वाट्यातून किती वळते होतील आणि खिशातून किती काढावे लागतील याचं गणित कोणी मांडलेलं नव्हतं. मी घाबरून गप्प बसलो. अशा दिवसांचं कामकाज दर महिन्याला स्वतःच्या हाताने लिहिणारा मी! दोन मिनिटांत बागायत गेली. चुलतभाऊ मनाचा चांगला आहे. दर वर्षी मार्च-एप्रिलात त्या काजूच्या हुर्राकाची बाटली न चुकता पाठवतो. मी पितोही.

तेव्हा गाजलेला वकील नको. तालुक्याच्या कोर्टात जा आणि इन्व्हेंटरीच्या तारखा कोणत्या दिवशी असतात ते विचारा. कोर्टाचा दरवाजा उघडा असतो, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतो. दोन सकाळ बसा. कोण ‘तारीख द्या’ म्हणून निघून जातो आणि कोणाच्या फायलीत कागदाला खुणेची चिठ्ठी लावलेली असते, ते कोणाला न विचारता कळेल. समोरच्या पक्षाच्या वकिलाशी कोण दोन वाक्यांत मिटवून घेतो, तेही बघा. तसा माणूस तुम्हाला हवा.

मग त्याच्याकडे जा आणि तो आधी काय विचारतो ते ऐका. ‘आजच्या भावाने कुळागराची किंमत किती होईल?’ हा पहिला प्रश्न असेल तर चहा पिऊन उठा. ‘आई-बाबांच्या लग्नाची नोंद कुठे झाली? मृत्युपत्र आहे का? एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) आज कोणाचं नाव आहे? आई काय म्हणते?’ असं विचारणारा असेल तर बसा. लग्नाच्या नोंदीवरून वर सांगितलेला आण्यांचा हिशेब ठरतो, म्हणून तो प्रश्न पहिला. एक-चौदाचा उतारा ऑनलाइन मिळतो, तो जाताना काढून न्या. तीन वर्षांत नाव बदललं गेलं आहे का, तेही त्यावरूनच कळेल. खोट्या कागदांवर जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी २०२२ साली सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं. तुमच्या घरात तसलं काही असेल असं मी म्हणत नाही, पण उतारा वर्षातून एकदा बघायची सवय प्रत्येक वारसाने लावून घ्यावी.

त्याला कुळागर समजतं का, हे जरूर बघा. सुपारी, नारळ, मिरीचे वेल, केळी, सगळं एका झरीच्या पाण्यावर. त्याचे सहा तुकडे केले तर पाट कोणाच्या वाट्याला? खालच्याने पाणी मागायला वरच्याच्या दारात जायचं का? तुमच्या पत्रावरून वाटतं की दादाला कुळागर आणि घर हवं आहे, आणि तिथे खपतोही तोच. मग गाळ्यातला वाटा तुमच्याकडे यावा, कमी पडेल ते दादाने रोख द्यावं, अशी मांडणी होऊ शकते. धाकट्याचंही तसंच बसवता येईल. चांगला वकील पहिल्याच भेटीत ही शक्यता कागदावर मांडून दाखवेल. ‘इंच-इंच घेऊ’ म्हणणारा तुम्हाला पाट दाखवेल, पाणी नाही.

आईला मात्र कोणी विसरू नका. अशा पत्रांत ती नेहमी एका वाक्यात उरकलेली असते, तुमच्याही पत्रात तसंच झालं आहे. रुपयातले आठ आणे जिचे, तिला घरात कोणी विचारत नाही. मिळकतीचा कारभार इन्व्हेंटरीत साधारणपणे हयात जोडीदाराकडे असतो. जुने वकील तिला ‘काबेस द कझाल’ म्हणत, घराचं डोकं. तिने आपल्या अर्ध्यातून एकाच मुलाला बक्षीसपत्र करून दिलं तर पुढे तिच्या मागे वाटणी होताना ते सहसा हिशेबात धरावं लागतं. हे दादालाही माहीत असलेलं बरं. तिच्याशी एकदा दुपारी, दादा कुळागरात गेलेला असताना, शांत बसून बोला. तिच्या बाजूने कोणी तरी वेगळा विचार करायला हवा. तो वकील तुमचाच असू नये.

पैशांचं सांगतो. आकडा मी सांगणार नाही, कारण तालुक्या-तालुक्याला आणि यादीच्या लांबीप्रमाणे तो बदलतो. टप्प्यांनी ठरवा : कागद तपासून सल्ला देण्याचे वेगळे, अर्ज किंवा हरकत दाखल करण्याचे वेगळे, लिसिटेशनपर्यंतचे वेगळे. स्टॅम्प, वर्तमानपत्रातली नोटीस, मूल्यांकन, सर्व्हेअर हा खर्च फीमध्ये धरलेला आहे की वर आहे, हे पहिल्या दिवशी विचारा आणि त्याच्यासमोरच वहीत लिहा. लिहिताना बघितलं की आकडा स्थिर राहतो. पावती मागायला लाजू नका. आणि ‘मी नसेन तेव्हा कोण उभं राहणार’ हे विचारून त्या ज्युनिअरला बघून घ्या. हे का सांगतो, ते तुम्हाला कळलंच असेल.

वकिलाची फी झेपणार नसेल तर आणखी एक. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० वर फोन करा. फुकटचा वकील वाईटच असतो असं धरून चालू नका. त्यांतले काही तरुण फाईल फार चोख ठेवायचे, माझ्या टेबलावर त्यांचे कागद कधी परत गेले नाहीत.

माहेर तुटतं का? नोटिशीने तुटतं. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा की नोटीस पाठवायची नाही. रजिस्टर्ड पोस्टाने आलेलं पाकीट दादा अंगणात उभा राहून फोडणार, वहिनी बघणार, आई विचारणार. त्याऐवजी तुम्ही स्वतः फोन करा आणि सांगा : “दादा, कागद मी एकाला दाखवते आहे. मला कुळागर तोडायचं नाही. दिवाळीच्या पोह्यांना येते, तेव्हा बोलू.” तुम्ही काय मागणार हे कळत नाही म्हणून तो बोलत नसेल, असाही संभव आहे. समझोता झाला तर तो इन्व्हेंटरीत नोंदवून न्यायाधीशांचा हुकूम करून घ्या, तोंडी ठेवू नका. आणि यंदा माहेरी राहणं झालं नसेल तर आईसाठी एक दिवस मुक्कामाला जा. त्याला वकील लागत नाही.

प्रश्न : माझे चुलते मांद्र्याचे, पण नोकरीमुळे ४० वर्षं गिरगावात राहिले. लग्न केलं नाही. गेल्या वर्षी गेले. मांद्र्याला जमीन आणि गिरगावात एक खोली आहे. मोपा विमानतळ झाल्यापासून जमिनीसाठी दलाल दारात येऊन बसतात, म्हणून घाई आहे. मुंबईचा वकील म्हणतो खोलीचं सगळं मुंबईच्या कायद्याने होईल. दोन वकील करावे का?
— वाचक, पेडणे

उत्तर : दोन वकील लागतील, पण त्यांच्यात पहिला कोण, हे आधी ठरवा.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की ज्याचा कायमचा ठाव गोव्याचा, त्याची मिळकत भारतात कुठेही असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो. ते प्रकरणही मुंबईतल्या मिळकतीचंच होतं. म्हणजे मुंबईचा वकील म्हणतो तसं सरळ नाही. पण तुमचे चुलते ४० वर्षं तिकडे होते. त्यांचा ठाव गोव्याचा राहिला होता की मुंबईचा झाला होता? तुमचं सगळं प्रकरण या एका प्रश्नावर आहे आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. मतदानाचं नाव कुठे होतं, रेशनकार्ड कुठलं, मांद्र्याचं घर त्यांनी उघडं ठेवलं होतं का, शिमग्याला-जत्रेला येत होते की पाहुण्यासारखे येत होते, निवृत्तीनंतरही तिकडेच का राहिले, हे सगळं गोळा करा. मांद्र्याच्या मांडाचं, म्हणजे शिमग्याला गाव जमतो त्या जागेचं, वर्गणी-पुस्तक असेल तर तेही. मी एका प्रकरणात देवस्थानाची पावती कामी आलेली पाहिली आहे.

पहिला वकील गोव्यातला, इन्व्हेंटरीचा अनुभव असलेला. खोलीच्या सोसायटीचं आणि तिकडच्या नोंदींचं काम मुंबईच्या वकिलाने त्याच्याशी बोलून करावं. दोघांची फोनवर एकदा तुमच्यासमोर गाठ घालून द्या. नाही तर तुम्ही निरोप्या होता आणि निरोपात कायदा बदलतो.

चुलत्यांचे आई-वडील हयात नाहीत असं मी धरतो. मुलंबाळं आणि आई-वडील नसलेल्या माणसाला आपलं सगळं मृत्युपत्राने कोणालाही देता येतं. तेव्हा मृत्युपत्र शोधा, गिरगावातल्या खोलीतल्या ट्रंकेतही आणि गोव्यात नोटरीकडेही. नसेल तर भाऊ-बहिणी आणि जे गेले त्यांची मुलं. दलालाला तोवर चहा द्या, ‘टोकन’ घेऊ नका. एका वारसाने घेतलेल्या टोकनाने बाकीच्या सगळ्या वारसांना वकील करावे लागतात.

प्रश्न : वकील म्हणतात, “आता काही देऊ नका, निकाल लागला की मिळकतीच्या दहा टक्के द्या.” आमच्याकडे रोख नाही, त्यामुळे बरं वाटतं. चालेल का?
— वाचक, काणकोण

उत्तर : चालणार नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळकतीत वाटा घेणं भारतात वकिलाला मना आहे, बार कौन्सिलचा तसा स्पष्ट नियम आहे. ते तुम्हाला माहीत नसणं समजू शकतो, त्यांना माहीत नसणं शक्य नाही. जो पहिल्या भेटीत स्वतःचा नियम मोडतो त्याच्या हाती तुमची मूळ कागदपत्रं देण्याआधी थांबा. शिवाय दहा टक्क्यांचा माणूस समझोत्याच्या आड येतो. चार एकरांचं दीड एकरावर मिटत असलं तरी तो तुम्हाला चारच एकर दाखवत राहील. रोख नसेल तर हप्त्यांनी बोला. घरातली बाई वारस असेल तर विधी सेवेचं वर लिहिलंच आहे.

प्रश्न : सहा वर्षांत ११ वेळा तारीख पडली, म्हणून वकील बदलायचा आहे. पहिले म्हणतात, आधी बाकी फी द्या, मग फाईल देतो. आईच्या नावचं जुनं वाटणीपत्र त्यांच्याकडे आहे.
— वाचक, वाळपई

उत्तर : सहा वर्षांत अकराच तारखा? मी तर वकिलांचा सत्कार केला असता. असो.

फीसाठी फाईल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट सांगितलं आहे. फी खरंच बाकी असेल तर ते वसुलीचा वेगळा मार्ग धरू शकतात, तुमचे कागद गहाण ठेवू शकत नाहीत. पण लगेच बार कौन्सिलच्या तक्रारीची भाषा करू नका. आधी एक साधं पत्र हाताने नेऊन द्या, पोच घ्या : अमुक अमुक मूळ कागद परत द्यावेत, फीचा हिशेब लिहून द्यावा. हिशेब लिहायला बसलं की बऱ्याचदा बाकी निम्म्यावर येते. जी खरी निघेल ती देऊन टाका, त्या माणसाने काही दिवस तरी तुमच्यासाठी उभं राहून घालवले आहेत. त्यांनी ना-हरकत लिहून दिली तर नवा वकालतनामा सरळ लागतो. नाही दिली तर नवे वकील कोर्टाची परवानगी मागतील, कोर्ट ती सहसा देतं. वाटणीपत्र नोंदलेलं असेल तर सब-रजिस्ट्रारकडून त्याची प्रमाणित प्रत आजच मागवा, म्हणजे निदान काम अडणार नाही.

वाटणीपत्रावरून आठवलं. गेल्या महिन्यात एका वाचकाने मला प्रश्नासोबत मूळ वाटणीपत्रच पाकिटात घालून पाठवलं, साध्या टपालाने, पोर्तुगीज शिक्क्यांसकट. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कदंबाच्या बसने जाऊन त्यांच्या घरी परत देऊन आलो. त्यांनी जेवायला घातलं, बांगड्याचं हुमण फार छान होतं, पण पुढच्या वेळी कृपा करून झेरॉक्स पाठवा.